पुनरावृत्तीची औषधचिठ्ठी : ब्रिटिश वैद्यकव्यवस्थेतील एका नित्यव्यवहाराचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात रोगांच्या साथी, शस्त्रक्रियेतील शोध आणि थोर वैद्यांची चरित्रे यांना जे स्थान मिळाले आहे, ते दवाखान्यातील रोजच्या व्यवहारांना क्वचितच मिळते. रोगी आणि डॉक्टर यांचा संबंध मात्र असल्या व्यवहारांतच घडत असतो. ब्रिटनमध्ये ज्याला ‘रिपीट प्रिस्क्रिप्शन’ म्हणतात, तो असाच एक व्यवहार होय. दीर्घकाळच्या विकारासाठी एकदा ठरविलेले औषध संपत आले म्हणजे रोगी दवाखान्याकडे तशी मागणी नोंदवितो. डॉक्टर त्याला पुन्हा न तपासता नवी चिठ्ठी सही करून ठेवतो. दोनतीन दिवसांनी रोगी ती घेऊन औषधविक्रेत्याकडे जातो. या सर्व प्रकारात डॉक्टर व रोगी यांची गाठ पडतेच असे नाही. तथापि, इंग्लंडमधील सामान्य डॉक्टरांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या औषधांपैकी फार मोठा भाग याच वाटेने रोग्यापर्यंत पोहोचतो.

या व्यवहाराच्या मुळाशी एक प्रश्न आहे. पहिली चिठ्ठी डॉक्टरच्या निदानातून निघते, म्हणून तिची जबाबदारी कोणाची याविषयी शंका नसते. परंतु त्याच औषधाची दहावी किंवा पन्नासावी चिठ्ठी कोणाच्या निर्णयातून निघते? मागणी करणाऱ्या रोग्याच्या, ती लिहून ठेवणाऱ्या स्वागतिकेच्या, सही करणाऱ्या डॉक्टरच्या, की औषध देणाऱ्या विक्रेत्याच्या? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. ती कशी व कोणत्या कारणांनी बदलली, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. चिठ्ठी रोग्याची

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये औषध लिहून देण्याचा अधिकार कोणाचा, हा वादाचा विषय होता. फिजिशियनांच्या महाविद्यालयाने विल्यम रोज नावाच्या औषधकारावर, म्हणजे अपॉथिकरीवर, परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल खटला भरला. १७०४ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने रोजच्या बाजूने निर्णय दिला, आणि अपॉथिकरीला रोग्यास सल्ला देण्याचा मार्ग मोकळा झाला. १८१५ च्या अपॉथिकरी कायद्याने या वर्गाच्या शिक्षणाला व परीक्षेला निश्चित स्वरूप दिले. पुढे ज्याला सामान्य व्यवसायी डॉक्टर किंवा फॅमिली डॉक्टर म्हणू लागले, त्याची वंशावळ या अपॉथिकरीपर्यंत जाते. अपॉथिकरी वैद्यकीकडे वळल्यामुळे औषधाच्या दुकानात जी जागा रिकामी झाली, ती केमिस्टांनी भरून काढली. त्यांनी १८४१ मध्ये आपली फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली.

एकोणिसाव्या शतकातील औषधचिठ्ठी ही व्यवहारात रोग्याची मालमत्ता होती. डॉक्टरला फी देऊन त्याने ती मिळविलेली असे. केमिस्ट तिच्यातील मजकूर आपल्या वहीत उतरून घेई, औषध तयार करून देई आणि मूळ कागद रोग्याला परत करी. पुन्हा तेच औषध हवे झाल्यास रोगी तोच कागद घेऊन, किंवा केमिस्टाच्या वहीतील नोंदीच्या आधारे, ते हवे तितक्या वेळा घेऊ शके. एका चिठ्ठीवर वर्षानुवर्षे औषध चालू राहणे, किंवा एकाची चिठ्ठी शेजाऱ्यानेही वापरणे, यात त्या काळी फारसे वावगे मानले जात नसे. डॉक्टरची दुसरी फी वाचविण्याचा तो एक उपायच होता. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूसारख्या विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने घातली. परंतु डॉक्टरची चिठ्ठी किती वेळा वापरावी, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. या काळापुरते बोलावयाचे तर, पुनरावृत्तीचा निर्णय रोग्याचा होता असेच म्हणावे लागेल.

या स्वातंत्र्याला पहिला निश्चित पायबंद महायुद्धाने घातला. १९१६ च्या मे महिन्यात सैन्याच्या कौन्सिलने हुकूम काढला. त्यानुसार कोकेन व तत्सम द्रव्ये सैनिकांना केवळ डॉक्टरच्या तारीखवार व सही केलेल्या चिठ्ठीवरच मिळावयाची होती, आणि त्या चिठ्ठीवर ती पुन्हा वापरता येणार नाही असा शेरा असणे आवश्यक होते. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्ररक्षणाच्या कायद्याखालील ४० ब या नियमाने कोकेनवरील बंधन सर्व नागरिकांना लागू झाले, आणि १९२० च्या घातक औषधांच्या कायद्याने या युद्धकालीन तरतुदींना शांततेच्या काळात कायम स्वरूप दिले. औषधाची पुनरावृत्ती हा स्वतंत्रपणे नियंत्रण करण्याजोगा विषय आहे, ही कल्पना येथून कायद्यात रुजली असे म्हणण्यास हरकत नाही.

२. चिठ्ठी सरकारची

घातक द्रव्यांपेक्षाही मोठा बदल घडवून आणला तो विम्याने. लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याखाली जानेवारी १९१३ पासून विमेदार कामगारांना वैद्यकीय मदत मिळू लागली. कामगाराची पत्नी व मुले या योजनेच्या बाहेरच होती. कामगाराने यादीवरील डॉक्टर निवडावयाचा, डॉक्टरने सरकारी नमुन्यावर औषध लिहून द्यावयाचे आणि केमिस्टाने ते विनामूल्य देऊन त्याची किंमत विमा समितीकडून वसूल करावयाची, असा क्रम ठरला. औषध लिहिणे आणि औषध देणे ही दोन कामे वेगळी करण्यात आली. केमिस्टाचे दुकान दूर असलेल्या ग्रामीण भागातील डॉक्टरांना तेवढी स्वतः औषध देण्याची मुभा राहिली.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. पैसे वसूल करण्यासाठी केमिस्टाला मूळ चिठ्ठीच समितीकडे पाठवावी लागे. अर्थात ती रोग्याकडे परत जाणे शक्य नव्हते. पूर्वी जो कागद रोग्याच्या खिशात राही, तो आता हिशेबाचा कागद बनला. औषध पुन्हा हवे तर डॉक्टरने नवा कागद लिहिलाच पाहिजे, ही आवश्यकता त्यातून निर्माण झाली. आधुनिक पुनरावृत्तीच्या चिठ्ठीचा जन्म असा वैद्यकीय विचारातून जितका झाला, त्याहून अधिक हिशेबाच्या गरजेतून झाला. डॉक्टरच्या दारी केवळ नव्या चिठ्ठीसाठी येणारा रोगी ही या योजनेची निर्मिती होय.

भारतातील परिस्थितीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९४० च्या औषध कायद्याखाली १९४५ मध्ये जे नियम झाले, त्यांतील ६५ वा नियम ब्रिटिश धर्तीचाच आहे. चिठ्ठीवर डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर ती एकापेक्षा अधिक वेळा वापरू नये. किती वेळा व किती अंतराने औषध द्यावे हे लिहिले असेल तर त्याप्रमाणेच द्यावे. आणि औषध देताना विक्रेत्याने चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता व तारीख नोंदवावी, असे तो सांगतो. परंतु खाजगी डॉक्टर आणि खाजगी दुकान यांच्या व्यवहारात औषधाचे पैसे रोगीच देतो, म्हणून चिठ्ठीही त्याच्याकडेच राहते. जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणण्याची महाराष्ट्रातील घरोघरची पद्धत या वस्तुस्थितीतून आली आहे. नियमांची भाषा जवळजवळ एकच असूनही दोन देशांतील व्यवहार भिन्न झाले. कारण पैसा कोण देतो यावर कागद कोणाचा हे ठरते.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि विम्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध या सर्वांना डॉक्टर व औषध विनामूल्य उपलब्ध झाले. वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी दवाखान्यात आली. चिठ्ठ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि खर्चाच्या चिंतेने सेवेच्या जन्मदात्या मजूर सरकारलाच घेरले. १९४९ मध्ये चिठ्ठीवर एक शिलिंगपर्यंत आकार बसविण्याचा अधिकार कायद्याने घेण्यात आला, पण तो वापरला गेला नाही. एप्रिल १९५१ मध्ये चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याचे ठरताच सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन हेही बाहेर पडले.

पुढील इतिहास आकाराच्या चढउतारांचा आहे. १ जून १९५२ पासून हुजूरपक्षाच्या सरकारने प्रत्येक चिठ्ठीस एक शिलिंग आकार सुरू केला. डिसेंबर १९५६ मध्ये तो चिठ्ठीऐवजी चिठ्ठीवरील प्रत्येक औषधास लागू झाला, आणि मार्च १९६१ मध्ये दोन शिलिंग झाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये विल्सन यांच्या मजूर सरकारने तो रद्द केला. परंतु पौंडाच्या अवमूल्यनानंतरच्या आर्थिक अडचणीत त्याच विल्सन यांच्या सरकारला जून १९६८ मध्ये अडीच शिलिंगांचा आकार पुन्हा बसवावा लागला.

या आकाराने पुनरावृत्तीच्या व्यवहारावर प्रत्यक्ष परिणाम केला. प्रत्येक औषधामागे पैसे पडू लागताच, रोग्याचे दोन शिलिंग वाचावेत म्हणून एका वेळी अधिक दिवसांचे औषध लिहून देण्याकडे डॉक्टरांचा कल झाला. म्हणजे खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी योजलेल्या उपायामुळे घराघरांत गोळ्यांचा साठा वाढला आणि रोग्याची व डॉक्टरची गाठ पडण्याचे प्रसंग कमी झाले. १९६८ मध्ये आकार परत आणताना मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि काही ठराविक दीर्घ विकारांचे रोगी यांना त्यातून वगळण्यात आले. या विकारांत मधुमेह, अपस्मार, थायरॉइड ग्रंथीची मंदता, अ‍ॅडिसनचा विकार इत्यादींचा समावेश होता; दमा व रक्तदाबाधिक्य यांचा मात्र नव्हता. दम्याचा रोगी पैसे देतो आणि थायरॉइडच्या रोग्याला कोणतेही औषध विनामूल्य मिळते, ही विसंगती तेव्हापासून चालत आली. कर्करोगाच्या रोग्यांची त्या यादीत भर पडली ती २००९ मध्ये. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हा आकार सर्वांसाठीच रद्द केला. इंग्लंडमध्ये तो कायम राहिला व मे २०२४ मध्ये प्रत्येक औषधास ९ पौंड ९० पेन्स इतका झाला. सवलतींची व्याप्ती मोठी असल्याने तेथेही दहापैकी सुमारे नऊ औषधे आकाराविना दिली जातात.

३. चिठ्ठी स्वागतिकेच्या टेबलावर

१९५० नंतरच्या दोन दशकांत औषधांचे स्वरूपच पालटले. पूर्वीची बहुतेक औषधे काही दिवस घेऊन सोडून द्यावयाची असत. १९२२ पासून वापरात आलेले इन्सुलिन हा ठळक अपवाद. आता आयुष्यभर घ्यावयाची औषधे एकामागून एक आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लघवी वाढवून रक्तदाब उतरविणारे क्लोरोथायाझाइड आले. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून प्रोप्रॅनोलॉल निघाले. त्याच दशकात संततिनियमनाची गोळी, आणि अखेरीस दम्यासाठी साल्ब्युटामॉल आले. लक्षण नसतानाही रोज गोळी घेणारा, स्वतःला निरोगी समजणारा, तरीही कायमचा रोगी ठरलेला असा एक नवा वर्ग निर्माण झाला.

या वर्गाला प्रत्येक महिन्याला तपासणे डॉक्टरला शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. अशा वेळी दवाखान्याची अंतर्गत रचना बदलली. १९६६ च्या फॅमिली डॉक्टरांच्या सनदेनुसार साहाय्यक नोकरांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकारकडून परत मिळू लागला. तोपर्यंत पुष्कळ दवाखान्यांत डॉक्टरची पत्नीच दार उघडणे व निरोप घेणे ही कामे करीत असे. आता पगारी स्वागतिका नेमणे परवडू लागले, आणि पुनरावृत्तीच्या चिठ्ठ्यांचे काम तिच्याकडे गेले. रोग्याजवळ त्याच्या औषधांची नोंद असलेले कार्ड असे. ते तो दवाखान्यातील पेटीत टाकी किंवा टपालाने पाठवी. स्वागतिका त्यावरून चिठ्ठी लिहून काढी, सकाळचे रोगी संपल्यावर गठ्ठा डॉक्टरपुढे ठेवी, आणि डॉक्टर फोनवर बोलता बोलता किंवा चहा घेता घेता त्यावर सह्या करी. रोग्याची मूळ कागदपत्रे विमा योजनेच्या काळापासून चालत आलेल्या लहान लिफाफ्यात घडी करून ठेवलेली असत. ती प्रत्येक सहीच्या वेळी काढून पाहणे व्यवहारात घडत नसे.

याच सुमारास या व्यवहाराची पहिली सखोल चिकित्सा झाली. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांची अभ्यासमंडळे चालवीत. डॉक्टर हा स्वतःच एक औषध असतो, हा त्यांचा विचार त्यांच्या १९५७ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला होता. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ पुनरावृत्तीच्या चिठ्ठ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच उपचार की निदान, असा प्रश्न होता. वर्षानुवर्षे तीच गोळी नेणारे पुष्कळ रोगी ती गोळी रोगासाठी नेत नसून डॉक्टरशी असलेला एक धागा राखण्यासाठी नेतात. आणि डॉक्टरही, ज्या दुःखाचे निदान आपल्याला करता आले नाही त्याच्याशी तह म्हणून ती देत राहतो, असे या मंडळाच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. चिठ्ठी बंद करू पाहणाऱ्या डॉक्टरला रोग्याच्या रागाला का तोंड द्यावे लागते, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

परंतु हा तह नेहमीच निरुपद्रवी नव्हता. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. आधीच्या बार्बिट्युरेटांपेक्षा ती सुरक्षित समजली गेली, आणि चिंता व निद्रानाश यांसाठी मोठ्या प्रमाणावर लिहून दिली जाऊ लागली. पुनरावृत्तीच्या पेटीतून ती वर्षानुवर्षे चालू राहिली. त्यांची सवय लागते आणि ती एकाएकी सोडल्यास गंभीर त्रास होतो, हे पूर्णपणे ध्यानात येईपर्यंत दोन दशके लोटली. जानेवारी १९८८ मध्ये औषधसुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला दिला. तोपर्यंत त्यांवर अवलंबून राहिलेल्यांत स्त्रियांची संख्या विशेष मोठी होती. एकेका चिठ्ठीत कोणताही मोठा दोष नव्हता. दोष साखळीत होता, आणि साखळीकडे पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

याउलट उदाहरण वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या खेड्याचे आहे. तेथील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गावातील जवळजवळ सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजला, आणि ज्यांना उपचार हवा त्यांना शोधून काढून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मागणी येईल तेव्हा चिठ्ठी देणे आणि रोग्याला आपण होऊन बोलावणे यांतील भेद त्यांच्या कार्याने दाखवून दिला. ज्या वस्तीला वैद्यकाची गरज अधिक, तेथेच ते कमी मिळते, हा त्यांचा ‘व्यस्त सेवानियम’ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संदर्भात भारतीय डॉक्टरांचा उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आणि वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत स्थानिक डॉक्टर जाण्यास नाखूष असत. तेथील दवाखाने मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी चालविले. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील सामान्य डॉक्टरांपैकी सुमारे १६ टक्के उपखंडातून आलेले होते. मुंबईसह भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना तेथील वैद्यक परिषदेची मान्यता १९७५ पर्यंत होती, आणि तिच्या आधारे हे स्थलांतर घडले. दमेकरी खाणकामगारांच्या व मधुमेही गिरणीकामगारांच्या पुनरावृत्तीच्या चिठ्ठ्यांवर एक पिढीभर ज्या सह्या झाल्या, त्यांत मुंबई-पुण्याकडील नावेही होती.

४. चिठ्ठी यंत्रातून

दवाखान्यात संगणक आला तो प्रथम निदानासाठी नव्हे, तर याच चिठ्ठ्यांसाठी आला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९७० च्या दशकात एक्सेटर भागात पहिले प्रयोग झाले. १९८२ मध्ये सरकारने निवडक १५० दवाखान्यांना लहान संगणक घेण्यास साहाय्य दिले. हाताने शेकडो चिठ्ठ्या लिहिण्याचे श्रम वाचणे हे डॉक्टरांना सर्वांत मोठे आकर्षण होते. चिठ्ठीच्या छापील कागदाच्या उजव्या अर्ध्या भागावर रोग्याच्या चालू औषधांची यादी येऊ लागली. हव्या त्या औषधापुढे खूण करून तो भाग परत पेटीत टाकला की मागणी पूर्ण होई. किती वेळा चिठ्ठी द्यावी आणि पुन्हा तपासणी केव्हा करावी, हेही यंत्रात नोंदविता येऊ लागले.

यंत्राने अक्षराच्या चुका कमी केल्या, परंतु देखरेख आपोआप वाढली नाही. १९९३ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आणि १९९४ मध्ये ऑडिट कमिशनने आपल्या अहवालांत या त्रुटीकडे लक्ष वेधले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅरिस व दाजदा यांच्या पाहणीत, लिहून दिलेल्या औषधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आणि खर्चापैकी सुमारे चार पंचमांश भाग पुनरावृत्तीचा असल्याचे आढळले. त्याच वर्षी लीड्स येथील दवाखान्यांचा अभ्यास करून अर्नोल्ड झर्मान्स्की यांनी, पुनरावृत्ती कोणाच्या ताब्यात आहे, असा प्रश्न विचारला. त्यांनी पाहिलेल्या नोंदींपैकी ७२ टक्के चिठ्ठ्यांच्या बाबतीत मागील पंधरा महिन्यांत डॉक्टरने औषधाचा फेरविचार केल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रात तपासणीची तारीख नोंदविण्याची सोय होती. तारीख उलटल्यावर चिठ्ठी थांबविण्याचे धैर्य मात्र यंत्रात नव्हते.

विश्वासाच्या या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का हॅरल्ड शिपमन या डॉक्टरच्या प्रकरणाने बसला. जानेवारी २००० मध्ये पंधरा रोग्यांच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत, रोग्यांच्या नावावर चिठ्ठ्या लिहून आणि मृतांच्या घरी उरलेली औषधे ताब्यात घेऊन त्याने डायमॉर्फिनचा साठा जमविल्याचे उघड झाले. चौकशीच्या २००४ मधील चौथ्या अहवालानंतर नियंत्रित औषधांचे नियम कडक झाले. हे प्रकरण अपवादात्मक होते. परंतु चिठ्ठीवरील नाव आणि औषध प्रत्यक्ष घेणारा माणूस यांची सांगड कोणी घालून पाहत नाही, ही जी उणीव त्याने दाखविली ती अपवादात्मक नव्हती.

यानंतरच्या सुधारणांची दिशा जबाबदारी विभागण्याची होती. एप्रिल २००५ च्या करारानुसार इंग्लंडमधील औषधविक्रेते, डॉक्टरने एकदाच सही केलेल्या चिठ्ठ्यांच्या संचावर एक वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने औषध देऊ लागले. प्रत्येक वेळी रोग्याची प्रकृती व गरज विचारणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. २००६ पासून योग्य शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना व औषधशास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे औषधे लिहिण्याचे व्यापक अधिकार मिळाले. २००५ मध्येच विद्युत्संदेशाद्वारे चिठ्ठी पाठविण्याचा आरंभ झाला. २०१९ च्या अखेरीपासून त्या पद्धतीचा सर्वत्र विस्तार झाला, आणि २०२० च्या साथीत दवाखान्याची दारे बंद असताना ती अपरिहार्य ठरली. हिरवा कागद, दारातील पेटी आणि रांग यांची जागा मोबाइलवरील मागणीने घेतली.

सोयीबरोबर अपव्ययाचा जुना प्रश्नही कायम राहिला. औषधविक्रेते रोग्याच्या वतीने मागणी नोंदवीत, तेव्हा न लागणारी औषधेही मागविली जातात असे आढळल्यावरून काही भागांत ही पद्धत बंद करण्यात आली. त्याची झळ वृद्ध व अपंग रोग्यांना बसू नये म्हणून त्यांच्यासाठी अपवाद ठेवावे लागले. २०१० मधील एका अभ्यासात इंग्लंडमध्ये वाया जाणाऱ्या औषधांची किंमत वर्षाला सुमारे ३० कोटी पौंड असल्याचा अंदाज करण्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये कीथ रिज यांच्या नेतृत्वाखालील सरकारी समीक्षेने, दवाखान्यांतून लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी निदान दहावा भाग अनावश्यक किंवा अयोग्य असावा, असा निष्कर्ष काढला.

५. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पुनरावृत्तीच्या चिठ्ठीचा इतिहास हा सोयीच्या एकसारख्या प्रगतीचा इतिहास नाही. रोग्याच्या खिशातून चिठ्ठी सरकारी हिशेबात गेली, तेथून स्वागतिकेच्या टेबलावर, तेथून यंत्रात, आणि यंत्रातून पुन्हा काही अंशी रोग्याच्याच हातात आली. प्रत्येक टप्प्यावर एका व्यक्तीचे श्रम हलके झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर पाहणाऱ्या नजरेची एक जागा रिकामी पडली. व्हॅलियमच्या वीस वर्षांत ती रिकामी होती. लीड्सच्या नोंदींतही ती रिकामीच आढळली.

ही जागा जेथे भरली गेली, तेथे ती पुष्कळदा ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशा माणसांनी भरली. २०११ मध्ये डेबोरा स्विंगलहर्स्ट, ट्रिश ग्रीनहाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दवाखान्यांत दीर्घकाळ प्रत्यक्ष निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. लेखी नियमांत जिचे काम केवळ मागणी नोंदविण्याचे, ती स्वागतिका प्रत्यक्षात यादी व मागणी यांतील तफावत ओळखते, रोग्याची माहिती आठवते, शंका आल्यास डॉक्टरच्या नजरेस आणून देते, आणि या अदृश्य श्रमांवर संपूर्ण व्यवस्थेची सुरक्षितता उभी असते, असे त्यांना आढळले. चिठ्ठीवर तिची सही नसते, आणि डॉक्टरही तिच्या या कामाची नोंद क्वचितच घेतात.

पुनरावृत्तीचा निर्णय कोणाचा, या आरंभीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर स्पष्ट आहे : सही ज्याची, जबाबदारी त्याची. ऐतिहासिक उत्तर मात्र तितके सरळ नाही. पन्नासावी चिठ्ठी हा एका व्यक्तीचा निर्णय नसून, पूर्वी कोणीतरी घेतलेला निर्णय मोडण्याची संधी अनेकांपैकी कोणीच घेतली नाही, याची ती नोंद असते. म्हणून या व्यवहाराच्या प्रत्येक सुधारणेची कसोटी, औषध किती लवकर मिळाले ही एकच असू शकत नाही. ते आता थांबवावे काय, असे विचारण्याचा अधिकार, वेळ आणि माहिती त्या साखळीत निदान एका माणसाजवळ आहे किंवा नाही, हीच तिची खरी कसोटी मानली पाहिजे. खाजगी चिठ्ठीच्या आधारे वर्षानुवर्षे रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे घेणाऱ्या भारतीय रोग्यांची संख्या वाढत असताना, ब्रिटनच्या या अनुभवाचा अभ्यास येथील औषधव्यवस्थेच्या विचारालाही उपयुक्त ठरण्यासारखा आहे.